चार दिवस की एकच रविवार? मामा-भाचीच्या स्कूबा कोर्सची निवड

कोल्हापूर हे पोहणाऱ्यांचं गाव आहे. पंचगंगेचा घाट, अंबाई टँक, कोटीतीर्थ आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी यांत इथल्या पोरांच्या पिढ्या पोहायला शिकल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला वीरधवल खाडे इथलाच. त्यामुळे इथं कुणी स्कूबा डायव्हिंग शिकायचं म्हटलं की घरातून पहिलं उत्तर येतं, "पोहायला येतंय की, मग त्यात काय एवढं?" या प्रकरणातल्या मामा-भाचीचा विचारही तिथूनच सुरू झाला होता.

भाची बावीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, विद्यापीठाच्या स्पर्धांत पोहलेली. मामा सत्तेचाळीस वर्षांचे, गुजरीत सोन्या-चांदीचं दुकान. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, आणि आता रोज रक्तदाबाची एक गोळी घेणारे. मी डायव्हिंग करतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तीन केंद्रांची माहितीपत्रकं छापून माझ्यापुढे ठेवली आणि यातलं चांगलं कुठलं ते सांगा म्हणाले. नावं इथं देत नाही, त्यांची गरजही नाही.

पहिल्या पत्रकावर मालवणला एका दिवसाची डाइव्ह होती. दोनेक हजारांत सगळं, फोटो, व्हिडिओ आणि वर सर्टिफिकेट. दुसऱ्यावर 'ओपन वॉटर' कोर्स फक्त दोन दिवसांत, म्हणजे शनिवार-रविवार, आणि त्यावर घसघशीत सूट. तिसरा तोच कोर्स चार दिवसांचा, एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण, सरावाला तरणतलाव. त्याची फी तीस हजारांच्या आगेमागे, दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त. भाचीचा कल दुसऱ्याकडे होता. शेवटी डायव्हरचं कार्ड तेच मिळणार, मग दोन दिवस जादा कशाला घालवायचे, हा तिचा हिशेब. मामांना पहिलाच पुरेसा वाटत होता.

पत्रकं बाजूला ठेवून मी दोघांना एकच विचारलं. हे झाल्यावर पुढे काय करायचं आहे?

भाचीचं उत्तर तयार होतं. मैत्रिणींबरोबर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर डाइव्हला जायचं, पुढे नोकरी लागली की अंदमान. मामा थोडं थांबून म्हणाले, "मला एकदा खालचं बघायचंय. आणि ही एकटी खाली जाणार, तर हिच्यासोबत आपलं माणूस असावं."

या दोन उत्तरांत निम्मी निवड झाली होती.

मालवण-तारकर्लीला जे एका दिवसात होतं ती चव घेण्याची डाइव्ह. काही मीटर खोल पाण्यात प्रशिक्षक तुमची पाठीवरची हवेची टाकी धरून तुम्हाला फिरवतो. हवा किती उरली ते तोच पाहतो, जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं तोच करतो, वर कधी यायचं तेही तोच ठरवतो. तुम्ही श्वास घ्यायचा, कान मोकळे करायचे आणि मासे बघायचे. यात कमीपणा काही नाही. आंतरराष्ट्रीय संस्थांनी अशा डाइव्हसाठी १२ मीटरची कमाल मर्यादा घातली आहे आणि मालवणला सहसा त्याहून बरंच उथळ जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, त्यावरचं प्रवाळ, पोपटमासे, हे सगळं बघायला तेवढी खोली पुरते. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तो याच श्रीमंतीमुळे. पण त्या दिवशी हातात पडणारं सर्टिफिकेट म्हणजे सहभागाचा कागद. तो दाखवून नेत्राणीला कुणी तुम्हाला टाकी देऊन "जा, फिरून या" म्हणणार नाही.

'ओपन वॉटर डायव्हर' ही वेगळी गोष्ट. ते कार्ड असणारा माणूस दुसऱ्या कार्डधारक जोडीदाराबरोबर, प्रशिक्षकाशिवाय, १८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे आपली हवा, आपली खोली, आपला वेग आणि वेळ पडली तर जोडीदाराचा जीव, सगळं आपल्याच हातात. भाचीला हवं होतं ते हेच. एका दिवसाचं पत्रक तिच्यासाठी तिथंच बाद झालं.

दोन्ही कोर्सच्या पत्रकांवर डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांची बोधचिन्हं होती. एकावर पॅडी, दुसऱ्यावर एसएसआय. भाचीने दोन-तीन रात्री यावरच वाचण्यात घालवल्या होत्या. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची. दोघींची कार्डं जगभर चालतात आणि दोघींचा हा कोर्स आयएसओ २४८०१-२ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात बसतो. नवशिक्याने या तुलनेत वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे. शिकवतो तो माणूस. त्याचं नाव आणि सभासद क्रमांक मागावा, आणि तो सध्या शिकवण्यास पात्र आहे का हे संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावं. पाच मिनिटांचं काम आहे. एका केंद्राने नाव लगेच कळवलं. दुसऱ्याने "त्या दिवशी जो असेल तो" असं सांगितलं. सूट कुठून निघते याचा अंदाज मला या उत्तरावरून आला.

मामांची गोळी

आरोग्याचा फॉर्म बहुतेक केंद्रांत बोटीत चढण्याआधी घाईघाईने पुढे केला जातो आणि लोक सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे होतात. मला हा या छंदातला सगळ्यात घातक निष्काळजीपणा वाटतो. म्हणून फॉर्म आधीच मागवून घेतला आणि मामांच्या ओट्यावर बसून भरला. त्यात वय पंचेचाळीसच्या वर आहे का, असा एक प्रश्न असतो. 'हो' म्हटलं की पुढचा चौकोन उघडतो: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कुणाला हृदयविकार. त्यातल्या एकालाही 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते.

"गोळी घेतो की रोज, कंट्रोलमध्ये आहे. कशाला लिहायचं?" मामांनी विचारलं.

भाचीच म्हणाली, "मामा, तुम्हाला खाली काही झालं तर वर आणायचं मलाच आहे. लिहा."

त्यांनी लिहिलं. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी कुठली आहे ते पाहिलं, कारण काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत आणि पाण्यात अचानक जोर लावावा लागला तर ते अडचणीचं ठरतं. मग फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली, छाती तपासली आणि सही दिली. यात जवळपास दोन आठवडे गेले. पुढच्या शनिवारीच जायचं ठरलं असतं तर मामांनी नक्की 'नाही' लिहिलं असतं.

दमा, फिट येणं, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दलही त्या फॉर्ममध्ये विचारतात. आणि साधी सर्दी असली तरी डाइव्ह पुढे ढकलावी लागते. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सुटत नाही. सर्दीची गोळी खाऊन उतरणं त्याहून वाईट, कारण खाली असताना गोळीचा असर संपला तर वर येताना दाब आतच अडकतो.

पोहणं येतं म्हणजे काय येतं

कोर्ससाठी पोहण्याची अट अगदी साधी असते. कुठल्याही पद्धतीने, वेळेच्या बंधनाशिवाय, न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं. मामांनी अंबाई टँकवर हे करून बघितलं. विहिरीतली पोहणी, मान वर, हात बेडकासारखे. वेळ लागला, पण दम लागला नाही. तरंगताना तर ते उताणे पडून निवांत होते. भाचीने तेच अंतर निम्म्याहून कमी वेळात कापलं, आणि तिला वाटलं आपला अर्धा कोर्स झाला.

स्कूबात वेगाला काही किंमत नाही. उलट पोहणाऱ्याच्या दोन सवयी मोडाव्या लागतात. एक म्हणजे श्वास रोखणं. टाकीतली हवा आपण भोवतालच्या पाण्याच्या दाबाने घेतो. १० मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून तिथं छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर आली की दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. दीड-दोन मीटर वर येतानाही हे घडू शकतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला नियम. दुसरी सवय नाकाची. डोळ्यांना लावायचा पोहण्याचा गॉगल इथं चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब सारखा करायला वाटच उरत नाही. नाक झाकणारा मास्क घालायचा, त्यात मुद्दाम पाणी भरून घ्यायचं, नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं, आणि पुढे मास्क पूर्ण काढून तोंडाने शांतपणे श्वास घेत राहायचं. जोडीला रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं साधन, तोंडातून सुटला तर शोधून परत लावणं, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरवर येणं, एका जागी अधांतरी स्थिर राहणं.

ही कौशल्यं एकदा जमली म्हणून झाली, असं नसतं. ती सहज आणि पुन्हा पुन्हा जमायला हवीत, असं प्रमाणच ठरलेलं आहे. कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला अर्धा दिवस. दोन दिवसांच्या पत्रकात हा अर्धा दिवस कुठेच नव्हता. नियमाप्रमाणे समुद्रातल्या किमान चार डाइव्ह लागतात आणि एका दिवसात तीनपेक्षा जास्त करता येत नाहीत, म्हणजे समुद्रालाच दोन दिवस हवेत. मग तलावातला सराव आणि पुस्तकी भाग कधी? विचारल्यावर उत्तर आलं की सराव "तिथंच, उथळ समुद्रात" होईल. आपल्या किनाऱ्याचं पाणी निवळलं तरी कित्येकदा चार-पाच मीटरपलीकडे दिसत नाही, आणि लाट असतेच. अशा पाण्यात आयुष्यात पहिल्यांदा मास्क काढायला लावणं मला पटत नाही.

एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हेही वेळेचंच गणित. पॅडीच्या नियमात या कोर्सला समुद्रात आठपर्यंत चालतात. आठ जणांनी ओळीने मास्क काढायचा तर सात जण प्रत्येक वेळी तळाशी गुडघे टेकून वाट बघत, हवा खर्च करत बसणार. चार जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला दुप्पट वेळ येतो. जास्तीची फी नेमकी यासाठी होती, आणि हे मांडल्यावर भाचीने दुसरं पत्रक स्वतःच दुमडून ठेवलं.

भाषेचा विचार कुणी करत नाही, पण मामांसाठी तो मोठा होता. तिसऱ्या केंद्रातला प्रशिक्षक मालवणचाच, मराठीतून समजावणारा. नायट्रोजन, दाब, हवेचा साठा हे मामांना इंग्रजी व्हिडिओतून कळलं नसतं असं नाही, पण शंका विचारायला ते लाजले असते. अंदमानचा पर्याय आम्ही थोडक्यात पाहिला. पाणी कितीतरी स्वच्छ, खर्च विमानासकट दुप्पटीच्या पुढे. शिकायचं इथं आणि बघायला जायचं तिथं, असं ठरलं.

घाट

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं ती. तिसऱ्या पत्रकातही एक अडचण होती, आणि ती फक्त आपल्यासारख्यांना लागू होते. वेळापत्रक होतं गुरुवार ते रविवार. रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह आणि 'संध्याकाळी परतीचा प्रवास'.

खोलवर श्वास घेताना हवेतला नायट्रोजन जास्त दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, तासन् तास बाहेर पडत राहतो. या काळात भोवतालच्या हवेचा दाब आणखी कमी झाला तर उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. सांधे दुखणं, मुंग्या येणं इथपासून लकव्यापर्यंत त्याचे परिणाम जातात. म्हणून डाइव्हनंतर विमानात बसायला मनाई असते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे 'डॅन' या संस्थेचा सल्ला असा: एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं. पण हा सल्ला २,००० फुटांपासून पुढच्या उंचीला धरून दिलेला आहे. २,००० फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. आंबोली सुमारे ६९० मीटरवर. फोंड्याने या, गगनबावड्याने या, आंबोलीने या, गोव्याहून चोर्ल्याने या, नाहीतर मुरुडेश्वरहून हुबळीमार्गे या, समुद्रावरून घरी यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. त्यातही मालवणहून निघालेली गाडी दीड-दोन तासांत घाटाच्या पायथ्याशी असते. म्हणजे दुपारी शेवटची डाइव्ह आणि सूर्यास्ताला घाटमाथा.

वेळापत्रक चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ते मुंबईच्या गिऱ्हाइकाला समोर ठेवून बनवलं होतं. तो कोकण रेल्वेने किनाऱ्याच्या पट्ट्यातूनच घरी जातो, त्याच्या वाटेत ही चढण नाही. आपल्या वाटेत आहे. पाच-सहा मीटरवरच्या पंधरा मिनिटांच्या चवीच्या डाइव्हनंतर शरीरात उरणारा नायट्रोजन फार थोडा असतो. तरी मी ओळखीच्यांना त्या रात्री मालवणातच राहा असंच सांगतो. पण दोन दिवसांत चार डाइव्ह, त्याही १८ मीटरपर्यंतच्या, ही वेगळी बाब. घाटमाथे डॅनच्या मर्यादेच्या आसपास किंवा थोडेच वर आहेत हे खरं, म्हणून कुणी "एवढ्यानं काय होतंय" म्हणेलही. मला मात्र एका रात्रीच्या खोलीभाड्यासाठी ही परीक्षा घ्यावीशी वाटत नाही.

मामांची अडचण वेगळीच. लग्नसराई, सोमवारी सकाळी दुकान उघडणं भाग. रविवारी रात्र मालवणात काढायची तर सोमवार जातो. भाचीने केंद्राला फोन लावून सरळ विचारलं, एक दिवस अलीकडे सरकवता येईल का? येईल म्हणाले. बुधवार-गुरुवार तलाव, शुक्रवार-शनिवार समुद्र, शनिवारी साडेबारापर्यंत शेवटची डाइव्ह संपवायची. रविवारी सकाळी नाश्ता करून निवांत निघालं तरी घाट लागेपर्यंत वीसेक तास होतात आणि संध्याकाळी माणूस गुजरीत. पुस्तकी भाग ऑनलाइन, आधीच घरी करून जायचा. पैसे भरण्याआधी दोघांनी आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या: बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि फीमध्ये ऑनलाइन अभ्यास, कार्ड, बोट हे सगळं धरलं आहे का. ऑक्सिजनच्या पेटीचा फोटो आला. ऑनलाइन अभ्यासाचे पैसे वेगळे निघाले, ते आधीच कळलं.

काय घडलं

जानेवारीत गेले. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, आणि पावसानंतर नद्यांचा गढूळपणा खाली बसायला वेळ लागतो. थंडीचे महिने त्या मानाने बरे.

तलावात पहिल्या दिवशी अडली ती भाची. मास्क काढला की तिचं नाक आपोआप श्वास ओढू पाही आणि ती ठसकत वर येई. तीनदा तेच झालं. प्रशिक्षकाने बाकी सगळं थांबवून तिला कमरेइतक्या पाण्यात नुसता चेहरा बुडवून, मास्क न लावता, रेग्युलेटरमधून श्वास घेत बसवलं. दुपारचा बराच वेळ त्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तळाशी बसून मास्क काढला, आरामात परत लावला, पाणी फुंकलं आणि अंगठा-तर्जनी जुळवून 'ठीक'ची खूण केली. मामांना हे सगळं पहिल्याच फेरीत जमलं होतं. विहिरीत नाकातोंडात पाणी जाण्याची सवय असलेला माणूस.

समुद्रात मात्र मामा अडले. शुक्रवारच्या दोन डाइव्ह छान झाल्या, पण रात्री नाक भरून आलं. शनिवारी दोर धरून उतरताना तीन मीटरवर उजवा कान सुटेना. थोडं वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रशिक्षकाने जोर लावू दिला नाही, त्यांची डाइव्ह तिथंच थांबवून त्यांना बोटीवर पाठवलं. चार जणांचीच तुकडी आणि सोबत सहायक, म्हणून बाकीच्यांचं काही न बिघडवता हे जमलं.

वर आल्यावर मामा हिरमुसले होते. पण दोन डाइव्ह आणि त्यापुरता अभ्यास-सराव पुरा झाला की पॅडीत 'स्कूबा डायव्हर' नावाची पायरी असते: १२ मीटरपर्यंत, सोबत व्यावसायिक डायव्हर हवाच. लर्निंग लायसन्ससारखी. मामांना ती मिळाली. उरलेल्या डाइव्ह पुढे करून त्यांना पूर्ण कार्ड घेता येतं. त्यांना खालचं बघायचं होतं, ते बघून झालं. भाची चारही डाइव्ह करून ओपन वॉटर झाली.

आता प्रश्न तिच्या जोडीदाराचा आहे. कार्डामुळे तिला प्रशिक्षकाशिवाय जाता येतं, पण कार्ड असलेल्या दुसऱ्या कुणाबरोबर. नेत्राणीला जायचं म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीकडेही ते नाही. तेव्हा मार्चमध्ये ती जाईल ती तिथल्या गाइडसोबत, आणि मैत्रिणी चवीच्या डाइव्हला. नेत्राणी मुरुडेश्वरपासून बोटीने तासाभराहून जास्त अंतरावर आहे, बोट हलते, म्हणून तिला रात्री हलकं जेवायला आणि उलटीची गोळी केंद्राला विचारून आदल्या दिवशी घेऊन बघायला सांगितलं आहे. परतीचा मुक्काम तिनं स्वतःच मुरुडेश्वरला धरला. मामांनी उरलेल्या दोन डाइव्हसाठी दिवाळीनंतरचा आठवडा कळवला आहे, बुधवारपासून शनिवारपर्यंत. कानासाठी एक दिवस मोकळा ठेवलेला.